मीटर उणे आकडा दाखवतोय, मग रस्त्याची काजळी मोजायची कशी?

नागपूरच्या मानेवाडा चौकाच्या बाजूला, रिंग रोडला लागून असलेल्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमची पुढची भिंत रस्त्यापासून २० मीटरवर आहे. खिडक्यांच्या कठड्यावर रोज काळी धूळ बसते. शाळेतला स्वस्त पीएम २.५ सेन्सर (हवेतले बारीक कण मोजणारा) धूर ओकणारा ट्रक समोरून गेला तरी हलत नाही. आता एका महाविद्यालयाकडून दोन आठवड्यांसाठी हातात मावणारे दोन ब्लॅक कार्बन (म्हणजे काजळी) मीटर मिळालेत. ते दर सेकंदाला कधी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम दाखवतात, कधी उणे १२. खरं काय मानायचं? आणि मुलांच्या वर्गात रस्त्याची काजळी किती येते, हे नीट कसं मोजायचं?"

मॅडम, ४० खरं नाही आणि उणे १२ म्हणजे मीटर बिघडलेला नाही. पण आधी त्या सेन्सरचं बघू, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून लोक वर्षं घालवतात.

स्वस्त सेन्सर कणांवर लेझर टाकतो आणि किती प्रकाश विखुरला ते बघतो. साधारण ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्याला जवळजवळ दिसत नाहीत. डिझेलच्या नळीतून नुकतीच निघालेली काजळी ०.१ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते, आणि वरून ती प्रकाश विखुरण्यापेक्षा गिळते जास्त. म्हणजे तुम्हाला जे मोजायचंय नेमकं त्याच बाबतीत हे यंत्र आंधळं आहे. त्याला दिसतं ते सगळ्या शहरावर पसरलेलं धुकट, दमट हवेत फुगलेले कण आणि थोडी धूळ. समोरून एक ट्रक गेल्याने त्यात फरक पडत नाही.

कठड्यावरची काळी धूळही पुरावा म्हणून धरू नका. इतके बारीक कण सहजासहजी खाली बसत नाहीत, ते हवेबरोबर वाहतात. बसते ती जाड धूळ: टायरची झीज, डांबराचा भुगा, माती. बोटांत चोळून बघा, खरखरीत लागली तर ती मुख्यतः रस्त्याची धूळ. त्या धुळीबद्दल तक्रार जरूर करा, पण ती वेगळी तक्रार आहे.

आता मीटर. दिव्यावर वाटी धरून काजळ पाडताना वाटी जितकी काळी तितकं काजळ जास्त, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. एथॅलोमीटर हे यंत्र याच हिशेबावर चालतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हॅन्सन, रोझेन आणि नोव्हाकोव्ह यांनी ते बनवलं. काजळीने काळं करणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव आलंय. पंप हवा खेचतो, फिल्टरवर डाग पडतो, डागातून ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडतात आणि तो दर क्षणाला किती अडला ते मोजतात. म्हणजे यंत्र वजन करत नाही, काळेपणा मोजतं. काळेपणातून मायक्रोग्रॅम काढायला एक ठरावीक गुणांक आत भरलेला असतो. त्यामुळे जाणकार लोक या आकड्याला नुसतं ब्लॅक कार्बन न म्हणता समतुल्य ब्लॅक कार्बन म्हणतात. प्रयोगशाळेत क्वार्ट्झ फिल्टर तापवून एलिमेंटल कार्बन (निव्वळ कार्बनचा भाग) काढतात, त्याचा आकडा याच्याशी तंतोतंत जुळेल असं धरू नका. तापवण्याची पद्धत बदलली तर प्रयोगशाळांचे आपसातले आकडेही कधी कधी दुपटीने वेगळे येतात.

तुमच्या वर्णनावरून मीटर मायक्रोएथ एई-५१ जातीचे दिसतात: छोटी फिल्टरपट्टी, तिच्यावर ३ मिलिमीटर व्यासाचा डाग. त्याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग उणे आकड्याची भीती जाईल. या मीटरमध्ये काळेपणाचं एकक एकाने वाढलं म्हणजे डागावर सुमारे ५.७ नॅनोग्रॅम काजळी बसली. पंप मिनिटाला १०० मिलिलिटर हवा ओढतोय आणि हवेत घनमीटरला १० मायक्रोग्रॅम काजळी आहे असं धरा. मग मिनिटाला बसते फक्त १ नॅनोग्रॅम. म्हणजे काळेपणाचं एक एकक वाढायला पावणेसहा मिनिटं लागतात. एका सेकंदात वाढ होते ०.००३. यंत्राच्या प्रकाशाची आणि इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची थरथरच याहून मोठी असू शकते. डाग ०.००३५ एककाने उजळ झाल्यासारखा भासला की पडद्यावर उणे १२ येतं, तितकाच गडद झाल्यासारखा भासला की अधिक १२. हवेत काहीच बदललेलं नसतं.

म्हणून पहिली गोष्ट: सेकंदाचे आकडे वाचू नका. आणि दुसरी, जी माझे विद्यार्थी हमखास चुकतात: उणे आकडे पुसू नका. थरथर दोन्ही बाजूंना सारखी असते. उणे तेवढे काढून टाकले की उरलेली सरासरी आपोआप फुगते आणि तुमचा रस्ता आहे त्यापेक्षा घाण दिसतो. सगळे आकडे ठेवा आणि ५ मिनिटांची सरासरी घ्या. ट्रकागणिक उसळी बघायचीच असेल तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये सुचवलेली रीत वापरा. ठरावीक वेळेची सरासरी घेण्याऐवजी काळेपणा ०.०५ ने वाढेपर्यंत थांबायचं आणि तेवढ्या वेळाची सरासरी काढायची. १० मायक्रोग्रॅमच्या हवेत ती वेळ साधारण १७ सेकंद येते. हवा स्वच्छ असेल तेव्हा वेळ आपोआप लांबते, गढूळ असेल तेव्हा आखडते. एक्सेलमध्येही जमतं.

फिल्टर भरत जातो तशी दुसरी गडबड सुरू होते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर हीच सर्वांत मोठी आहे. डाग गडद झाला की नव्या कणांचा काळेपणा जुन्यांच्या सावलीत लपतो आणि यंत्र कमी दाखवू लागतं. कर्कस्टेटर आणि नोव्हाकोव्ह यांनी २००७ मध्ये दिलेलं सूत्र लावलं तर काळेपणा ४० वर असताना मीटर खऱ्यापेक्षा सुमारे २९% कमी दाखवतो, ६० वर ४०% कमी. सूत्र सोपं आहे: काळेपणाला १०० ने भागून उणे चिन्ह लावा आणि e (२.७१८) चा तेवढा घात घ्या, त्याला ०.८८ ने गुणा, ०.१२ मिळवा, आणि मीटरच्या आकड्याला या संख्येने भागा. पण तेही डोळे झाकून लावू नका. ताज्या डिझेल काजळीवर ही तूट जास्त असते. काजळी जुनी होऊन तिच्यावर सल्फेट वगैरेचा लेप चढला की कमी होते. रस्त्याकडेची काजळी ताजी आणि शाळेमागची थोडी मुरलेली, म्हणजे दोन ठिकाणी एकच दुरुस्ती पुरेशी नाही. मोठ्या एई-३३ यंत्रात एकाच वेळी दोन वेगवेगळ्या गतीने डाग पाडून ही तूट यंत्र स्वतःच काढतं. तुमच्याकडे ती सोय नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे काळेपणा ४० च्या आत असतानाच फिल्टर बदला. पंप ५० मिलिलिटरवर ठेवला तर १० मायक्रोग्रॅमच्या हवेत एक पट्टी साडेसात तास पुरते, म्हणजे एक शाळेची पाळी निघते. १०० वर ठेवला तर ती पावणेचार तासांत संपते. पट्ट्या महाग पडतात म्हणून लोक ८०-९० पर्यंत ओढतात आणि मग संध्याकाळी प्रदूषण कमी झालं असा निष्कर्ष काढतात. तसं काही नसतं, फिल्टर भरलेला असतो.

तपासायची एक हुकमी युक्ती आहे. पट्टी बदलण्याआधीची १५ मिनिटं आणि बदलल्यानंतरची १५ मिनिटं शेजारी ठेवा. रहदारी तीच आणि आकडा मात्र दर वेळी टणकन वर उडत असेल, तर तुम्ही पट्टी उशिरा बदलताय.

आता हवेच्या प्रवाहाबद्दल, कारण इथे मी स्वतः पोळलोय. मीटरच्या पडद्यावर १०० लिहिलंय म्हणजे नळीच्या तोंडातून १०० आत जातंय असं नाही. प्रवाह मोजणारा भाग फिल्टरच्या मागे असतो. पट्टी तिरकी बसली किंवा आतलं रबर सैल झालं तर पंप पूर्ण १०० ओढतो, पण त्यातली काही हवा फिल्टरला बगल देऊन येते. पडदा खूश, आकडा कमी. एकदा उसना आणलेला मीटर आठ दिवस चालवून झाल्यावर कळलं की नळीच्या तोंडाशी बाहेरून मोजलं तर ७० च येतंय. आठ दिवसांची फाइल केराच्या टोपलीत. तेव्हापासून रोज सकाळी बाहेरचा फ्लोमीटर तोंडाला लावून आकडा वहीत लिहितो, मगच चहा. नळीचं तोंड बोटाने बंद करून पंपाचा आवाज बदलतो का तेही बघा. आवाज बदलला नाही तर कुठेतरी गळती आहे. आणि नळीच्या आत टॉर्च मारून बघा. एका ऑक्टोबरात आमच्या खांबावरचा आकडा दोन दिवसांत निम्म्यावर आला होता. जिन्यावर चढून पाहिलं तर कुंभारीण माशीने तोंडात मातीचं सुबक घर बांधलेलं. तिचं कौतुकच वाटलं, पण त्या दिवशीपासून तोंडाला बारीक जाळी आली.

नळी काळ्या रंगाच्या, वीजवाहक सिलिकॉनची घ्या. साध्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते आणि कण भिंतीला चिकटतात. लांबी एक मीटरच्या आत, कोपरे नकोत.

आपल्या नागपूरचं ऊन याच हिशेबात येतं. मे महिन्यात ४५ अंशांची दुपार आणि समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरची उंची धरली, तर तेवढीच हवा २५ अंश आणि प्रमाण दाबाच्या तुलनेत सुमारे १०% जास्त जागा व्यापते. मीटर कोणत्या तापमान-दाबाला प्रवाह सांगतो ते माहितीपुस्तिकेत बघा आणि अहवालात लिहा. हे न लिहिल्यामुळे दोन गट एकाच रस्त्याबद्दल वाद घालताना मी पाहिलेत. दोघंही बरोबर होते. मीटर उन्हात ठेवू नका, पण कूलरसमोरही नको. स्टाफरूममधल्या कूलरची दमट हवा फिल्टर पिऊन घेतो, मग तोच मीटर बाहेरच्या कोरड्या हवेत नेला की काजळी नसतानाही आकडा वर-खाली उड्या मारतो. जागा बदलली की पहिली २० मिनिटं मोजणीत धरायची नाहीत, असा नियमच करा. धक्क्याचंही तसंच आहे. मीटर गेटला टांगला असेल तर गेट आपटल्यावर एक मोठी उसळी आणि लगेच तेवढाच मोठा खड्डा दिसतो. अशी जोडी दिसली की समजायचं, ती ट्रकची नाही.

यंत्राच्या या सगळ्या चुका एकत्र केल्या तरी मीटर चुकीच्या जागी ठेवण्याने होणारी चूक त्याहून मोठी असते. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाजवळ आम्ही एक हिवाळा मोजणी केली. रोज पहाटे ठीक पावणेसातला एक सुरेख उंच शिखर यायचं. रात्रीच्या जड वाहनांचा शेवटचा लोंढा म्हणून आम्ही त्याचा अर्थही लावून टाकला होता. एका पहाटे मी स्वतः जाऊन उभा राहिलो. खांबाच्या दहा पावलांवर चहावाला कोळशाची सिगडी पेटवत होता. मला वायर-नळ्या चाचपताना बघून म्हणाला, "काय मोजून राहिले जी?" सांगितलं. तो हसला. "धूर तं माह्या सिगडीचा होय. विचारलं असतं तं पयलेच सांगितलं असतं."

तेव्हा मीटर लावण्याआधी त्या जागेच्या पन्नास पावलांच्या परिघात सकाळी, दुपारी आणि रात्री एकेक चक्कर मारा. सिगडी, तंदूर, जनरेटर, माध्यान्ह भोजनाची चूल, पाचोळा जाळणारा सफाई कामगार, सगळं वहीत लिहा. आपल्याकडे हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पाचोळ्याचा धूर फार असतो. तुमच्या मीटरमध्ये एकच तरंगलांबी आहे, त्यामुळे लाकूड-पाचोळ्याचा धूर आणि डिझेलचा धूर त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. सात तरंगलांबींच्या यंत्रात ते जमतं, कारण लाकडाचा धूर अतिनील बाजूला जास्त प्रकाश गिळतो आणि डिझेलच्या काजळीत ही वाढ त्या मानाने कमी असते. तुमच्याकडे त्याऐवजी वही आहे. प्रामाणिकपणे भरली तर ती पुष्कळ काम करते.

आणि आता मुद्दा, ज्यासाठी दोन मीटर मिळालेत हे ऐकून मला बरं वाटलं. तुमचा प्रश्न "हवेत काजळी किती" हा नाही, "रस्त्याची काजळी किती" हा आहे. गेटवर १२ आलं तर त्यात शहरभरचं, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडून आलेलं, शेजारच्या वस्तीच्या चुलीचं, सगळं आहे. रस्त्याचा वाटा काढायचा तर एक मीटर रस्त्याकडेला आणि दुसरा रस्त्यापासून निदान २००-३०० मीटर आत, त्याच वस्तीत, पण दुसऱ्या मोठ्या रस्त्याला लागून नसलेल्या जागी हवा. मोठ्या रस्त्यालगतची काजळी साधारण एवढ्या अंतरात आसपासच्या पातळीवर उतरते. दोन्हींची त्याच क्षणाची वजाबाकी म्हणजे रस्त्याचा वाटा. मोकळी जागा म्हणून सेमिनरी हिल्सवर दुसरा मीटर नेऊ नका. ती हवा चांगली आहे, पण तुमच्या वस्तीची नाही.

वजाबाकीत एक गोम आहे. दोन मीटरांत आपसातच १५% फरक असेल तर १२ आणि ९ मधला फरक यंत्रांचाच असू शकतो. म्हणून पहिला पूर्ण दिवस दोन्ही मीटर शेजारी-शेजारी, तोंडं हातभर अंतरावर, एकाच प्रवाहावर चालवा. एकाचे ५ मिनिटांचे आकडे आडव्या अक्षावर, दुसऱ्याचे उभ्यावर मांडा आणि रेघ काढा. उतार १ पासून किती दूर आहे ते लिहून ठेवा. मग पाच दिवस एक पुढे, एक मागे. ते झाले की मीटरांची अदलाबदल करा आणि पुन्हा पाच दिवस. शेवटी परत एक दिवस शेजारी-शेजारी. अदलाबदलीनंतरही पुढचा आकडा मागच्यापेक्षा तितकाच जास्त राहिला तर फरक रस्त्याचा आहे. तो मीटरबरोबर मागे गेला तर मीटरचा. दोन दिवस मधल्या घोळांसाठी राखून ठेवा, ते लागतातच.

वर्गाचं मोजमाप या योजनेत दुसऱ्या पाच दिवसांत बसवा: मागचा मीटर दोन दिवस वर्गात, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून दूर. काजळी खिडकीतून सहज आत येते, आणि आत तयार होणारी फारशी नसते. फक्त त्या खोलीत उदबत्ती लावत नाहीत ना ते बघा.

चौकात उभ्या राहणाऱ्या ट्रकची नोंद मुलांकडून करून घ्या, पण नुसती संख्या नको. दुचाक्यांची गर्दी दिसते खूप, काजळी मात्र त्यांच्यातून थोडी. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या डिझेल गाड्यांना बीएस-६ चे नियम आहेत, त्यामुळे त्यांच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर आला. जुना ट्रक, जुना टेम्पो, जुनी बस असे वेगळे रकाने करा. उसळ्या बहुतेक या थोड्यांकडूनच येतात. मोबाइलचं आणि दोन्ही मीटरांचं घड्याळ रोज सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर ट्रक एकाचा आणि उसळी दुसऱ्याची होते. दिवसा जड वाहनांना बंदी असलेल्या रस्त्यावर रात्रीची मोजणी टाळू नका. हिवाळ्यात रात्री हवेचा थर खाली बसतो आणि तेवढेच ट्रक दुपारपेक्षा कितीतरी जास्त आकडा देतात.

आकडे लिहिताना एक सांभाळा. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत, त्यांत ब्लॅक कार्बन नाही. पीएम २.५ ची २४ तासांची ६० ची मर्यादा काजळीला लावून "आमचे १२ च आहेत, म्हणजे छान" असं कोणी म्हणालं तर थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये काजळी मोजा, तिचे स्रोत शोधा आणि कमी करा असं सांगितलं, पण मर्यादेचा आकडा दिला नाही. तुमचा अहवाल असा असावा: अमुक महिन्यात, शाळेच्या वेळेत, गेटवर मागच्यापेक्षा इतके मायक्रोग्रॅम जास्त, चूक अधिक-उणे २५% धरून. जानेवारीतला आकडा जुलैतल्या आकड्याशी ताडू नका. नागपुरात पावसाळ्यात काजळी तशीही बरीच उतरते, त्यात रस्त्याची पुण्याई काही नसते.

पंधरा दिवसांची सगळी फाइल एकदम पाठवू नका. पहिल्या दिवसाची शेजारी-शेजारीची फाइल आणि सकाळच्या फ्लोमीटरचे दोन आकडे तेवढे पाठवा. ते बघून मीटर पुढे-मागे लावायचे की आधी रबर बदलायचं, ते सांगतो.